खेळाचे मास्तर : एरिक लिडेल (१९०२–१९४५)

एरिक लिडेल हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने झाले, त्यात शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती म्हणून या स्कॉटिश तरुणाने तीत धावण्यास नकार दिला आणि मग चारशे मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, ही हकिकत आपण रविवारच्या शाळेत मुलांना पुष्कळदा सांगतो. १९८१ साली तिच्यावर ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा चित्रपट निघाला आणि ती साऱ्या जगाला ठाऊक झाली. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच संपते. मुले पदकापर्यंत येतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

पॅरिसमध्ये धावले तेव्हा लिडेल बावीस वर्षांचे होते. ते वारले त्रेचाळिसाव्या वर्षी. मधली बहुतेक सारी वर्षे त्यांनी चीनमध्ये काढली. त्यांतली पहिली बारा वर्षे आणि शेवटची दोन वर्षे त्यांनी वर्गात खडू आणि मैदानावर शिट्टी घेऊन घालवली. ते मास्तर होते. शास्त्राचे आणि खेळाचे. त्यांच्या आयुष्याची ही बाजू आम्हाला आज वाचकांपुढे ठेवायची आहे, आणि त्याला कारणही आहे.

गरीब वस्तीतल्या शाळांची माहिती असलेल्या कोणालाही विचारा. तेथे खेळाचे मास्तर टिकत नाहीत. मैदान नसते, असले तर दगडगोट्यांचे असते. चेंडू एक, मुले साठ. पोरे सकाळी उपाशी आलेली असतात, त्यांना धावायला सांगताना मास्तरांचाच जीव वर-खाली होतो. शिवाय शाळेत कोणतेही किरकोळ काम निघाले की ते ‘पी.टी.च्या सरां’कडे जाते. रांगा लावा, खुर्च्या मांडा, गैरहजर शिक्षकाचा तास घ्या, दंगेखोर मुलगा सांभाळा. परीक्षेत या विषयाला मान नाही, म्हणून शिक्षकांच्या खोलीतही या मास्तरांना मान थोडा. दोन-चार वर्षांत चांगला मनुष्य थकतो आणि दुसरीकडे नोकरी शोधतो. त्याला दोष देणे सोपे आहे. तो थांबावा म्हणून काय करावे, हे सांगणे कठीण आहे. लिडेल ज्या शाळेत शेवटची दोन वर्षे शिकवीत होते तिच्याइतकी दरिद्री शाळा क्वचितच असेल. तेथे ते कसे टिकले आणि कशाने खचले, या दोन्ही गोष्टी आपण पाहू.

एरिक यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी उत्तर चीनमधील तिएन्त्सिन शहरी झाला. त्यालाच आज त्यानजिन म्हणतात. वडील जेम्स आणि आई मेरी ही दोघे लंडन मिशनरी सोसायटीतर्फे तेथे काम करीत. बेळगावच्या वाचकांना या सोसायटीचे नाव परके नाही, कारण १८२० साली तिनेच तेथे मिशनचे काम सुरू केले होते. एरिक यांना रॉबर्ट नावाचे वडील बंधू होते, एक बहीण आणि एक धाकटा भाऊ होता. चीनमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची अडचण असे, म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे १९०८ साली या दोघा थोरल्या मुलांना लंडनजवळच्या एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. ही शाळा खास मिशनऱ्यांच्या मुलग्यांसाठी होती. एरिक सहा वर्षांचा, रॉबर्ट आठ वर्षांचा. आईवडील पुन्हा चीनला परतले. पुढची कितीतरी वर्षे मुलांना आईवडील पत्रांतूनच भेटत. प्रत्यक्ष भेटीचे योग फार थोडे आले.

सहा वर्षांचे मूल आईला निरोप देऊन शाळेच्या लांब खोलीत ओळीने मांडलेल्या खाटांपैकी एका खाटेवर झोपते तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, हे वाचकांनीच मनात आणावे. एरिक लाजाळू आणि अबोल होता. या शाळेत त्याला आधार सापडला तो मैदानावर. धावणे, रग्बी आणि क्रिकेट यांत तो रमला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पस्तीस वर्षांनी ती पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

एडिंबरो विद्यापीठात ते शास्त्र शाखेत शिकले. रग्बीत स्कॉटलंडच्या संघातर्फे १९२२ आणि १९२३ या वर्षांत सात सामने खेळले. १९२३ च्या एप्रिलमध्ये डी. पी. थॉमसन नावाच्या तरुण सुवार्तिकाच्या आग्रहावरून त्यांनी आर्मडेल या खाणकामगारांच्या गावी प्रथमच लोकांपुढे आपली साक्ष दिली. वक्तृत्व असे त्यांच्यापाशी नव्हते. ते साध्या शब्दांत बोलत आणि लोक ऐकत.

पॅरिसची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण चित्रपटात ती थोडी बदलली आहे. प्राथमिक शर्यत रविवारी आहे हे त्यांना जहाजावर चढताना कळले नव्हते. काही महिने आधीच कळले होते. त्यामुळे त्यांना चारशे मीटरची तयारी करण्यास वेळ मिळाला. नकार दिल्यावर वर्तमानपत्रांनी आणि खेळाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पुष्कळ बोल लावले, तेही त्यांनी शांतपणे सोसले. दोनशे मीटरमध्ये त्यांना कांस्यपदक मिळाले आणि ११ जुलै १९२४ रोजी चारशे मीटरची शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली. त्याच महिन्यात ते पदवीधर झाले. पुढे वर्षभर त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यास केला. देशात त्यांच्या नावाचा गजर चालू असतानाच, १९२५ च्या उन्हाळ्यात, ते आपल्या जन्मगावी शिक्षक म्हणून निघून गेले.

तिएन्त्सिनचे अँग्लो-चायनीज कॉलेज हे गरिबांचे नव्हते. डॉ. लॅव्हिंग्टन हार्ट यांनी १९०२ साली ते काढले होते आणि तेथे व्यापारी व अधिकारी यांची मुले शिकत. पुढे देशाचा कारभार पाहणाऱ्यांना तरुणपणीच ख्रिस्ताची ओळख व्हावी, हा संस्थापकांचा हेतू होता. लिडेल तेथे शास्त्र शिकवीत आणि खेळ घेत. चीनमधल्या जुन्या सुशिक्षित घरांत अशी समजूत होती की, विद्या शिकणाऱ्याने घाम गाळायचा नसतो. ते काम मजुरांचे. आपल्याकडेही ही समजूत नवीन नाही. तेव्हा खेळाच्या मास्तरांचे पहिले काम खेळ शिकवण्याचे नव्हते. खेळणे हे कमीपणाचे नाही हे पटवण्याचे होते. लिडेल यांनी ते भाषणाने केले नाही. ते स्वतः मुलांबरोबर मैदानात उतरले. शहरातील मिनयुआन मैदानाची नव्याने बांधणी झाली तेव्हाही त्यांचा सल्ला घेतला गेला, असे सांगतात. रविवारी ते मुलांची रविवारची शाळा घेत.

१९३२ साली रजेवर स्कॉटलंडला असताना त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. २७ मार्च १९३४ रोजी तिएन्त्सिन येथे फ्लॉरेन्स मॅकेन्झी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तिचे आईवडील कॅनडाचे मिशनरी होते आणि तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. १९३५ साली पॅट्रिशिया आणि १९३७ साली हेदर अशा दोन मुली झाल्या.

याच सुमारास सोसायटीने त्यांना शहर सोडून श्याओचांग या खेड्यात जाण्यास सुचवले. त्यांचे बंधू रॉबर्ट तेथील इस्पितळात डॉक्टर होते. तो भाग दुष्काळाने आणि लढाईने हैराण झालेला. जपानी सैन्य, चिनी सैन्य आणि लुटारू यांच्या मधोमध सापडलेला. येथे आम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. लिडेल लगेच उठून गेले नाहीत. आपण हाडाचे शिक्षक आहोत, कॉलेजात आधीच माणसे कमी आहेत, घरी लहान मुली आहेत, असे सगळे त्यांच्या मनात आले. निर्णयाला त्यांना बरेच महिने लागले. थोर माणसांची चरित्रे वाचताना आपली अशी कल्पना होते की, त्यांना हाक आली आणि ते निघाले. तसे नसते. जो विचार करतो, घुटमळतो आणि मग जातो, तोच पुष्कळदा टिकतो. १९३७ च्या अखेरीस ते श्याओचांगला गेले. कुटुंब शहरातच राहिले. सायकलवर आणि पायी ते गावोगाव हिंडत, मंडळ्यांना धीर देत. एकदा जखमी होऊन पडलेल्या दोन चिनी माणसांना त्यांनी जिवावर उदार होऊन गाडीवरून इस्पितळात आणले.

१९४१ साली परिस्थिती फार बिघडली. इंग्रज नागरिकांनी निघून जावे असा सल्ला मिळाला. फ्लॉरेन्सबाई गरोदर होत्या. दोघांनी विचार करून ठरवले की, बाईंनी मुलींना घेऊन कॅनडाला माहेरी जावे आणि लिडेल यांनी काही काळ थांबावे. त्या वर्षी मे महिन्यात ती मायलेकरे जहाजावर चढली. सप्टेंबरात तिसरी मुलगी मॉरीन जन्मली. वडिलांनी तिला कधीच पाहिले नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरला आणि उत्तर चीनमधील इंग्रज व अमेरिकन लोक शत्रूचे नागरिक ठरले. मार्च १९४३ मध्ये त्यांना शांतुंग प्रांतातील वेइश्येन येथे नजरकैदेत नेऊन ठेवण्यात आले. ही जागा मूळची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची. आवार सुमारे दोनशे यार्ड लांब आणि दीडशे यार्ड रुंद, आणि त्यात दीड हजारांहून अधिक माणसे कोंबलेली. भोवती तारा आणि पहाऱ्याचे बुरूज. रोज हजेरी. खाण्यास काओल्यांगची पेज, म्हणजे आपल्या ज्वारीच्या जातीचे धान्य, आणि पातळ शेरवा. पाणी हातपंपाने ओढायचे, संडास साफ करायचे, कोळशाच्या भुकटीत माती कालवून गोळे करायचे, हे सर्व पाळीपाळीने. मुलांच्या हाडांना चुना मिळावा म्हणून अंड्यांची टरफले कुटून त्यांची पूड चमच्याने मुलांच्या तोंडात घालीत. यावरून तेथील दारिद्र्याची कल्पना यावी.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात चीफू येथील मिशनऱ्यांच्या शाळेची मुले आणि त्यांचे शिक्षक या छावणीत आणले गेले. यांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील चीनच्या दुसऱ्या भागांत होते. लढाई मध्ये आली आणि मुले वर्षानुवर्षे आईवडिलांपासून तुटली. पत्रेही क्वचितच पोचत.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. लंडनजवळच्या त्या निवासी शाळेतला सहा वर्षांचा एरिक आता एकेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि त्याच्यापुढे तशाच मुलांची रांग उभी होती. त्याच्या स्वतःच्या तीन मुली समुद्रापलीकडे होत्या. मैदानावर मुलाला काय मिळते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

छावणीतल्या मोठ्या माणसांनी मुलांची शाळा चालू ठेवली. कागद नाही, पुस्तके अपुरी, प्रयोगशाळा तर नाहीच. लिडेल गणित आणि शास्त्र शिकवीत. रसायनाचे प्रयोग दाखवता येत नसत, म्हणून त्यांनी उपकरणांच्या आकृत्या हाताने नीट काढून वह्या तयार केल्या. मुले चित्रावरून प्रयोग समजून घेत आणि परीक्षेला बसत. खेळांची सर्व व्यवस्था त्यांच्याकडे होती. हॉकी, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, धावण्याच्या शर्यती हे सारे ते आखून देत. साहित्य आणायला दुकान नव्हते. हॉकीच्या काठ्या मोडत, तेव्हा चादरीच्या पट्ट्या फाडून आणि सरस लावून ते त्या बांधीत. संध्याकाळी रिकाम्या मोठ्या मुलांचे पाय वाकडे पडू नयेत म्हणून त्यांनी मंडळ चालवले. कोणाबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडून बसत, कोणाला लहान होडीचा नमुना करण्यास मदत करीत, कधी मुलामुलींचे सामुदायिक नाच बसवीत. लँग्डन गिल्की नावाचे तरुण अमेरिकन शिक्षक त्या छावणीत होते. पुढे ते नावाजलेले ईश्वरविद्यावेत्ते झाले. १९६६ साली त्यांनी छावणीवर पुस्तक लिहिले. तेथील धार्मिक माणसांच्या स्वार्थाबद्दल त्यांनी फार कडक लिहिले आहे. पण लिडेल यांच्याबद्दल लिहिताना त्यांची लेखणी आदराने वाकते.

मुले त्यांना एरिककाका म्हणत. त्यांच्या पदकाची गोष्ट त्यांनी स्वतः होऊन फारशी कधी काढली नाही.

आता त्या रविवारच्या गोष्टीकडे येऊ. छावणीत रविवारी सामने भरवायचे नाहीत असा नियम होता आणि लिडेल यांनाही तो मान्य होता. प्रभूच्या दिवसासाठी त्यांनी काय सोडले होते ते सर्वांना ठाऊक होते. पण काही तरुण मुलांना तो नियम जाचक वाटला. आठवड्याचे सगळे दिवस कोंडून घातल्यासारखे. त्यात रविवारीही बसूनच राहायचे. एका रविवारी त्यांनी आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच नव्हता. थोड्याच वेळात भांडण जुंपले आणि काठ्या चेंडूऐवजी एकमेकांवर उगारल्या गेल्या.

पुढच्या रविवारी मुले पुन्हा मैदानावर आली, तेव्हा लिडेल तेथे पंच म्हणून उभे होते.

या एका गोष्टीवर आमच्या वाचकांनी घरी आणि मंडळीत जरूर चर्चा करावी. ज्या मनुष्याने साऱ्या देशाची नाराजी पत्करून रविवारी धावण्याचे नाकारले, तो कैदखान्यातल्या मुलांसाठी रविवारी मैदानात उतरला. त्याची श्रद्धा सैल झाली असे म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कीर्तीचा होता. तेथे त्यांनी स्वतःला नाही म्हटले. वेइश्येनमध्ये प्रश्न दुसऱ्यांच्या लेकरांचा होता. तेथे त्यांनी आपला नियम बाजूला ठेवला. दोन्ही वेळा सोडले ते स्वतःचेच. आमच्यापैकी काहींना ही मांडणी पटणार नाही हे आम्ही जाणतो. पण मुले एकमेकांची डोकी फोडीत असताना दूर उभे राहून रविवार पाळणे त्यांना जमले नाही, एवढे खरे.

त्यांच्याजवळ टिकण्याचे बळ कोठून येई? ते पहाटे लवकर उठत. शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यापाशी खोलीतल्या एका सोबत्याबरोबर पवित्र शास्त्र वाचीत आणि प्रार्थना करीत, आणि मग दिवसाच्या कामांची आखणी करीत. हा नेम त्यांनी छावणीत नव्याने सुरू केला नव्हता. तो विद्यार्थिदशेपासूनचा होता. डोंगरावरील प्रवचन त्यांचे विशेष आवडते. शत्रूवर प्रीती करा ही शिकवण केवळ ऐकण्यासाठी आहे की आचरण्यासाठी, यावर एकदा मुलांत वाद झाला. तेव्हा लिडेल यांनी त्यांना सांगितले की, पहाऱ्यावरच्या जपान्यांसाठी प्रार्थना करा. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याचा द्वेष करणे कठीण जाते. स्टीफन मेटकॅफ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ते ऐकत होता. कडाक्याच्या थंडीत या मुलाच्या पायांत धड जोडे नव्हते. लिडेल यांनी आपले धावण्याचे जुने, दोऱ्यांनी बांधलेले बूट त्याला दिले. यानंतर तीन आठवड्यांत ते वारले. मेटकॅफ मोठा झाल्यावर मिशनरी होऊन जपानला गेला आणि आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने त्याच लोकांत काढली.

चरित्र येथे संपवले तर ते गोड होईल, पण खरे होणार नाही. १९४४ च्या उत्तरार्धात लिडेल यांचे डोके फार दुखू लागले. चालताना तोल जाई. नेहमी हसतमुख असणारा मनुष्य उदास दिसू लागला. छावणीतल्या लहानशा इस्पितळात डॉक्टर होते, पण तपासणीची यंत्रे नव्हती. अतिश्रमाने मज्जातंतू थकले आहेत असा समज झाला. लिडेल यांना याचे फार वाईट वाटले. आपला सगळा भार प्रभूवर टाकता यायला हवा होता, आपण असे खचायला नको होते, अशी खंत त्यांनी एका स्नेह्याजवळ बोलून दाखवली. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीला थोडक्यात पत्र लिहिले. जबाबदारी जरा जास्त झाली असावी आणि आता शिकवणे व खेळ सोडून छावणीच्या बेकरीत काम घ्यावे असा विचार चालला आहे, अशा आशयाचे ते पत्र होते. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना देवाज्ञा झाली. श्याओचांगच्या इस्पितळापासूनच्या परिचित परिचारिका ॲनी बुकन त्यांच्याजवळ होत्या.

मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा मेंदूत गाठ सापडली. ते मनाने दुबळे झाले नव्हते, त्यांची श्रद्धाही कमी पडली नव्हती. त्यांना आजार होता.

छावणीतच त्यांना मूठमाती देण्यात आली. लाकडी क्रूसावर नाव लिहायला रंग नव्हता, म्हणून ते बुटाच्या पॉलिशने लिहिले. ज्यांना त्यांनी शिकवले ती मुले अंत्यविधीला रांगेने उभी होती. कॅनडात फ्लॉरेन्सबाईंना ही वार्ता मे महिन्यात पोचली. ऑगस्ट १९४५ मध्ये छावणीची सुटका झाली आणि चीफूची मुले आपापल्या आईवडिलांकडे परतली. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठातर्फे त्या ठिकाणी स्कॉटलंडहून आणलेल्या दगडाचे स्मारक उभारण्यात आले. वेइश्येनला आज वेइफांग म्हणतात.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आम्हाला दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की, दरिद्री शाळेत मास्तर टिकतो तो साहित्यामुळे नव्हे, हे खरे असले तरी केवळ एकट्याच्या धीरानेही नव्हे. लिडेल यांना पहाटेचा नेम होता, प्रार्थनेला सोबती होता, बरोबरीने शिकवणारे शिक्षक होते आणि मुले ओळखीची होती. ज्यांच्यासाठी ते थांबले होते त्यांची नावे आणि दुःखे त्यांना ठाऊक होती. मुलांना नावाने ओळखणारा मास्तर सहसा सोडून जात नाही. आणि ज्याला रोज साठ अनोळखी चेहऱ्यांपुढे शिट्टी फुंकावी लागते तो फार दिवस राहत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक टोचते. जो सर्वांचा आधार असतो त्याला कोणी विचारीत नाही. छावणीत कोणतेही काम अडले की ते लिडेल यांच्याकडे जाई. इमारतीची देखरेख, वर्ग, खेळ, तरुणांचे मंडळ, आजाऱ्यांची विचारपूस, पाणी ओढणे हे सगळे त्यांच्याकडे. गाठ काही कामामुळे झाली नाही, आणि त्या काळी त्या जागी डॉक्टरांनाही तिच्यावर इलाज करता आला नसता. पण काम हलके करावे ही गोष्ट खुद्द त्यांच्या पत्रात येते ती शेवटच्या दिवशी. आणि आजारपणात त्यांनी स्वतःलाच दोष दिला, हे तर फार वाईट. आपल्या मंडळ्यांत आजही कोणी शिक्षक किंवा पाळक खिन्न झाला, झोप उडाली, हातून काम होईना, तर आपण चटकन म्हणतो की प्रार्थना कमी पडते. आधी त्याला डॉक्टरकडे न्यावे. प्रार्थना बरोबर चालू ठेवावी.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा पॅरिसला थांबू नका, वेइश्येनपर्यंत न्या. मोडक्या काठीला चादरीची पट्टी बांधणारा मास्तर मुलांना दाखवा. आणि मंडळीच्या पंचांना व वडील जनांना एक सूचना. आपल्या जवळच्या एखाद्या गरीब शाळेत खेळाचे मास्तर असतील, तर एका शनिवारी त्यांना भेटा. मैदान आहे काय, चेंडू आहेत काय, पावसाळ्यात तास कोठे घेता, हे विचारा. जमेल ते द्या. आणि निघताना त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीची चौकशी करा. तो प्रश्न त्यांना कदाचित बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नसेल.